सफरचंदांच्या बागेचे फाटक

मी, हेस्टर प्रोबर्ट, कै. आल्बन प्रोबर्ट यांची थोरली मुलगी, वय एक्याऐंशी पूर्ण, अविवाहित, धंदा सफरचंदांची बाग आणि त्यांची दारू, म्हणजे सायडर, राहणार वरचे घर, ब्रॅम्फोल्ड, हेरफर्डशर, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. वकील श्री. क्लेमेंट हॅडली यांनी खात्री करून घेण्यासाठी मला आजचा वार आणि सात आठे किती ते विचारले. मी दोन्ही सांगितले, आणि त्यांच्या कोटाचे तिसरे बटण लोंबते आहे तेही सांगितले. गुडघे आणि फुप्फुसे मात्र ठिकाणावर नाहीत. पुढचा वसंत दिसेलच असे डॉक्टर सांगत नाहीत. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. पाडले असते तर मी लिहिलेच नसते, प्रोबर्टांचा स्वभाव गावाला ठाऊक आहे. यापूर्वी केलेली मृत्युपत्रे, बहुधा दोन असावीत, मी रद्द करते.

वकीलसाहेबांचे म्हणणे असे, की काय कुणाला द्यायचे तेवढेच लिहावे, का द्यायचे ते लिहू नये. पण ‘का’ वगळले तर माझ्यापाशी द्यायला फारसे काही उरत नाही. मी हे सारे एकाच माणसासाठी लिहिते आहे. माझी धाकटी बहीण ऑल्वेन ग्विलियम, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार ओढ्याकाठचे घर, ब्रॅम्फोल्ड, ही एकोणीस वर्षे नऊ महिने माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. दोष माझा आहे. हे शेवटचे वाक्य खोडा असे मला सांगण्यात आले होते. ते राहू द्यावे.

कलम पहिले. माझ्या सात कोंबड्या पोस्ट चालवणाऱ्या मिसेस बेव्हन यांना द्याव्यात. त्यांच्याकडे दिवसभर बडबड चालू असते, तेव्हा कोंबड्यांना परके वाटणार नाही. त्यांतली काळी कोंबडी अंडी लपवते. कुठे लपवते ते मिसेस बेव्हन यांनी स्वतः शोधावे. त्यांना गावातले बाकी सगळे सापडतेच.

कलम दुसरे. सफरचंदे दाबायचा ओकचा घाणा आणि सहा पिंपे ट्रेव्हर प्रीस यास द्यावीत. सन १९६३ च्या जत्रेत उत्तम सायडरचा करंडक त्याच्या बापाला मिळाला, तो माझ्या पिंपातला सायडर होता हे ट्रेव्हरला माहीत आहे आणि मलाही. घाणा देते आहे, करंडकाची माफी देत नाही. तरी ट्रेव्हर हा भला माणूस आहे. त्याचे नाव पुढेही येईल.

कलम तिसरे, पायवाटेविषयी. हे लांबेल.

ओढ्याकाठच्या घरापासून एक पायवाट आमच्या बागेतून चढत वर येते, माझ्या परसातून जाते आणि चर्चच्या दाराशी निघते. दहा मिनिटांची वाट. बागेतून न येणाऱ्याला ओढ्याच्या रस्त्याने दोन मैलांचा वळसा पडतो. ही वाट कोणाची याबद्दल माझ्या वडिलांना आयुष्यभर घोर होता. लोक वीस वर्षे अखंड चालले की वाट लोकांची होते, हे त्यांनी कुठेतरी वाचले. म्हणून त्यांनी माझ्या परसाला लागून बागेच्या तोंडाशी सहा फुटी फाटक बसवले, वर काटेरी तार लावली, आणि वर्षातून एक दिवस, दोन फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाला, उजाडल्यापासून मावळेपर्यंत ते साखळी घालून बंद ठेवायचा नेम धरला. वाट अखंड नाही, मधे तुटते, हे दाखवायला एक दिवस पुरे. गाव कुरकुरायचे आणि त्या दिवशी वळशाने जायचे. वडील एका वहीत लिहून ठेवत, ‘आज फाटक बंद’, आणि खाली कुणाची तरी साक्षीदार म्हणून सही घेत.

आम्हा बहिणींना तो दिवस नाताळापेक्षा लाडका. आम्ही दोघी बागेच्या बाजूने जाऊन फाटक धरून गदागदा हलवायचो. आतून वडील मोठ्या आवाजात विचारायचे, “कोण आहे?” आम्ही ओरडायचो, “कुणी नाही!” ते म्हणायचे, “मग ठीक,” आणि वहीत लिहायचे, ‘कोणी आले नाही.’ ऑल्वेन तर हसून हसून चिखलात बसायची.

वडील गेले तेव्हा बाग आणि वरचे घर मला आले, ओढ्याकाठचे घर ऑल्वेनला. वाट त्यांनी कुणालाच लिहून दिली नाही. शेवटच्या आठवड्यात मला जवळ बोलावून एवढेच म्हणाले, “हेटी, दोन गोष्टी. सणाला फाटक लावायचं विसरू नकोस. आणि त्या वाटेनं प्रेत जाऊ देऊ नकोस. प्रेत गेलं की वाट जगाची होते.” ही समजूत आमच्याकडे सगळ्यांची. मी हो म्हटले.

ऑल्वेनने परसी ग्विलियमशी लग्न केले. परसी कुंपणे विणायचा. काटेझुडपाचे खोड बुंध्याशी जवळजवळ पार कापायचे, सालीची एक चिवट पट्टी तेवढी राखायची, मग ते आडवे वाकवून शेजारच्यात गुंफायचे. झाड मरत नाही, उलट दाट फुटते. तीन परगण्यांत त्याच्या हातासारखा हात नव्हता. माझ्या बागेचे कुंपण त्यानेच विणले, सत्त्याहत्तर साली. मी त्याला बजावले होते, “परसी, कोंबडीसुद्धा शिरता कामा नये हं.” तो म्हणाला, “कोंबडी सोडा, तुमचा रागसुद्धा बाहेर पडणार नाही.” मी त्यावर हसले होते.

लग्नानंतरही ऑल्वेन दर सणाला ओढ्याकडून वर यायची आणि फाटक हलवायची. पन्नाशी उलटली तरी. मी हात पुसत परसात जायचे, “कोण आहे?” ओरडायचे, ती पलीकडून “कुणी नाही!” म्हणायची, आणि मग आम्ही फाटकाच्या दोन बाजूंना उभ्या राहून अर्धा तास गप्पा मारायचो. गाव म्हणे, प्रोबर्टांच्या पोरी म्हाताऱ्या झाल्या तरी शहाण्या झाल्या नाहीत.

आता एकोणऐंशी सालचा सण. वार शुक्रवार. गुडघाभर बर्फ होता.

त्याच्या पाच आठवडे आधी, नाताळात, आमचे भांडण झाले होते. आईचे मोठे पितळी पातेले, मुरंब्याचे. ऑल्वेन म्हणाली, यंदा मला दे. मी म्हटले, “नेशील आणि परत आणायचं नाव घेणार नाहीस.” ती म्हणाली, “मग ठेव तुझ्याकडंच. त्यात बसून स्वतःलाच उकळून घे.” एवढेच. दुसऱ्या कुणी ऐकले असते तर हसले असते. मी पाच आठवडे रुसून बसले.

त्या सकाळी त्याच पातेल्यात कडू संत्र्यांचा मुरंबा रटरटत होता. रेडिओ चालू होता. सव्वादहाला फाटक वाजले. मुरंबा नेमका जमायच्या बेताला आला होता, पळभर हलवायचा राहिला की तळाला लागतो. पण खरे कारण ते नव्हते. खरे कारण हे, की मी मनाशी म्हटले, आली बघा लाडीगोडी लावायला, पाच आठवड्यांनी बहीण आठवली, उभी राहा म्हणावे जरा. फाटक वाजत राहिले. ती काहीतरी ओरडतही होती. पण ती दरवर्षीच ओरडायची. मी रेडिओ मोठा केला. थोड्या वेळाने आवाज थांबला. मग मी वडिलांची वही काढली आणि लिहिले, ते आजही माझ्या अक्षरात आहे: ‘फाटक बंद. सकाळी सव्वादहा, ऑ. आली. नेहमीपेक्षा जास्त वेळ हलवले. मी गेले नाही.’

बारा वाजता ट्रेव्हर प्रीस दाराशी आला. टोपी हातात होती.

“मिस प्रोबर्ट, परसी गेला.”

“कुठं गेला?” मी विचारले. असा प्रश्न मी विचारला.

“ओढ्याजवळचं कुंपण विणत होता. बर्फावर पाय घसरला आन् कोयता मांडीत घुसला. ऑल्वेननं एप्रन फाडून बांधलं आन् पळत सुटली. वळशानं आली बिचारी, बर्फातनं. पबात पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. डॉक्टर गेले लगेच, पण काय उपयोग.”

“वळशानं कशाला? इकडून का नाही आली? टेलिफोन इथं आहे, डॉक्टर तीनशे पावलांवर राहतात.”

ट्रेव्हरने माझ्याकडे पाहिले. माझ्या हातात मुरंब्याचा डाव होता.

“बाई,” तो म्हणाला, “आज दिवस कोणता आहे?”

डॉक्टर पुढे म्हणाले, अर्धा तास आधी कळते तर वाचला असता. ऑल्वेनला तार ओलांडता आली नाही, कुंपणातून शिरता आले नाही. कुंपणातून कोंबडीसुद्धा शिरू शकत नव्हती. तिच्या तळहातांवर साखळीचे व्रण महिनाभर होते असे मिसेस बेव्हन यांनी मला सांगितले. मी विचारले नव्हते.

इथवर जे झाले ती चूक. ती मी माझी चूक म्हणून मांडते आणि कदाचित कुणी तिची कीवही करेल. याच्या पुढचे तसे नाही.

रविवारी आमचे जुने पाद्रीसाहेब आले. ओढ्याच्या रस्त्यावर बर्फाचे ढीग होते, शववाहिका जाणे शक्य नव्हते. ते म्हणाले, “हेस्टर, ऑल्वेननं विचारलंय, परसीची पेटी बागेतनं वर आणू द्याल का? दहा मिनिटांचं काम आहे.”

मी म्हटले, “ती स्वतः का नाही आली विचारायला?”

“तिची यायची अवस्था आहे का, बाई?”

“प्रेत गेलं की वाट जगाची होते, पाद्रीसाहेब. मी वडिलांना शब्द दिलाय.”

“वडील आज असते तर त्यांनी फाटक स्वतः उघडलं असतं.”

“ते आज नाहीत,” मी म्हटले, “आणि किल्ली माझ्याकडं आहे.”

शब्द दिला होता हे खरे. पण त्यामुळे मी नाही म्हटले हे खोटे. मी हो म्हटले असते तर परवा फाटक बंद ठेवले यात माझे काही चुकले, असे कबूल केल्यासारखे झाले असते; आणि ते कबूल करायची माझी छाती नव्हती. म्हणून मी कायदा आणि वडील या दोघांच्या मागे लपले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझा सुंभ तर तेव्हा जळतच होता.

सहा जणांनी परसीला खांद्यावरून दोन मैल नेले. सकाळी नऊला निघाले ते साडेबाराला चर्चला पोचले. ट्रेव्हर त्या सहांत होता. त्याचा डावा खांदा अजून दुखतो आणि तो मला कधी त्याबद्दल बोलला नाही. ऑल्वेन पेटीमागून चालत आली. तिचा झगा मांड्यांपर्यंत भिजला होता. मी चर्चच्या मागच्या बाकावर बसले होते. ती माझ्या शेजारून गेली, आणि मी तिथे नाहीच अशी गेली. त्या दिवसापासून मी तिच्यासाठी नाहीच.

त्यानंतरचे एकोणीस सण मी फाटक लावले. गाव म्हणाले, बघा, बाईचे काळीज दगडाचे आहे, अजून लावते. मिसेस बेव्हन पोस्टात सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, “हिला काही वाटतच नाही वाटतं!” मला काय वाटत होते ते लिहिते. मी सकाळपासून मावळेपर्यंत फाटकाच्या आतल्या बाजूला खुर्ची टाकून बसायचे. रेडिओ बंद, चूल बंद. कुणी हलवले तर पहिल्याच झटक्याला “कोण आहे?” विचारायचे म्हणून. एकोणीस वर्षांत कुणी हलवले नाही.

या वर्षी ऑगस्टात डॉक्टरांनी फुप्फुसांबद्दल सांगितले तेव्हा मी हॅडली वकिलांकडे गेले आणि म्हटले, मला ही वाट कायमची गावाला द्यायची आहे, आणि पक्के व्हावे म्हणून माझी पेटी तिच्यावरून न्यायची आहे. वकील जरा खाकरले.

“मिस प्रोबर्ट, वाट देण्याचा दस्त आपण करू. पेटीची गरज नाही.”

“प्रेत गेलं की वाट जगाची होते.”

“नाही होत. लोक म्हणतात तसं, पण कायदा तसा नाही.”

“कधी बदलला?”

“बदलला नाही, बाई. तसा कायदा कधीच नव्हता.”

मी त्यांना ते पुन्हा सांगायला लावले. मग विचारले, की एखादी पेटी, बर्फात, एकदाच, गेली असती तर? ते म्हणाले, “काही झालं नसतं. पेटी चर्चला पोचली असती, एवढंच.”

त्यांच्या कचेरीतल्या बाईने मला पाणी आणून दिले. घरी कशी आले ते आठवत नाही.

तेव्हा या कलमाने जाहीर करते, की पायवाट गावाला दिल्याचा दस्त सप्टेंबरातच झाला आहे, तो कुणालाही मोडता येणार नाही. एकोणतीस सप्टेंबरला ट्रेव्हरने फाटक बिजागऱ्यांवरून उतरवले. ते कोठाराच्या भिंतीला टेकून ठेवले आहे, त्याचे सरपण करावे. मिसेस बेव्हन यावरही बोलल्या, “बैल गेला नि झोपा केला ऐकलं होतं. इथं बैल गेला नि दार काढलं!” या वेळी त्यांचे बरोबर होते. वाट सहा आठवडे मोकळी आहे. शाळेची मुले जातात, ट्रेव्हरचा कुत्रा जातो. ऑल्वेन अजून वळशानेच जाते. दर रविवारी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, काठी टेकत दोन मैल.

कलम चौथे. वरचे घर, संपूर्ण बाग, आईचे पितळी पातेले आणि फाटकाची किल्ली माझी बहीण ऑल्वेन ग्विलियम हिला द्यावी. किल्लीला आता कुलूप नाही. तरी द्यावी. तिने काही घेतले नाही तर सगळे गावाच्या मंडळाकडे जावे आणि बाग मुलांना सफरचंदे तोडायला खुली ठेवावी. पण तिने घ्यावे. परसी म्हणायचा, थोडी साल राखली की झाड पुन्हा फुटतं. आमच्यात काही राखली गेली आहे का ते मला माहीत नाही. वकीलसाहेबांनी या कलमाची आणि पुढच्या कलमाची नक्कल तिला पाठवली आहे. उत्तर आलेले नाही.

कलम पाचवे. माझी पेटी घरातून थेट चर्चला नेऊ नये, ते फार सोपे होईल. आधी बागेतून खाली ओढ्यापर्यंत न्यावी, आणि तिथून पूर्ण वाट चढून चर्चला. कायद्यासाठी दस्त केला आहे. हे गावासाठी आहे, म्हणजे पुन्हा कुणी प्रोबर्ट उपटला आणि फाटक लावू लागला, तर लोक म्हणतील, इथून प्रेत गेलेय बाबा, वाट जगाची झाली. उचलणाऱ्यांना सायडर आधी पाजावा, नंतर नव्हे; चढ बराच आहे. ट्रेव्हरने उचलू नये, त्याने एकदा पुरेसे उचलले आहे. मात्र ही वाट ऑल्वेनच्या दारावरून सुरू होते. तिची हरकत असेल तर मला ओढ्याच्या रस्त्याने, दोन मैलांच्या वळशाने न्यावे, आणि तिला काही म्हणू नये.

कलम सहावे. वडिलांची वही माझ्या पेटीत, माझ्या हाताखाली ठेवावी. वर विचारणा झाली तर माझ्याकडे लेखी असावे. तळघरात मुरंब्याच्या अकरा बरण्या आहेत, चिठ्ठीवर २ फेब्रुवारी १९७९. त्यातला एक चमचाही कुणी खाल्लेला नाही. फोडू नयेत, वाटू नयेत. बागेत खड्डा खणून पुराव्यात.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला यातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. झाला, तर त्याला दिलेले रद्द होते. म्हणून ट्रेव्हर आणि मिसेस बेव्हन यांना आज इथे बोलावलेले नाही. एक साक्षीदार स्वतः हॅडली वकील, दुसऱ्या आमच्या नव्या पाद्रीणबाई.

खालचा मजकूर सही करण्यापूर्वी, वकिलांच्या समोर, आत्ता लिहिते आहे.

पाद्रीणबाईंना पाच गावे सांभाळावी लागतात. सकाळी त्यांचा फोन आला, दुसऱ्या गावात कुणी शेवटच्या घटका मोजते आहे, येता येणार नाही. वकील म्हणाले, उद्या करू. मी म्हटले, माझ्याकडचे उद्या मोजके आहेत. ते पोस्टात गेले आणि कुणीतरी एक माणूस पाठवा, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असा, म्हणून मिसेस बेव्हन यांना सांगून आले. आम्ही तासभर बसून होतो. मग दार वाजले.

मी विचार न करता विचारले, “कोण आहे?” सवयीने तोंडातून गेले. विचारल्यावर माझे मलाच कळले, की हे मी एकोणीस वर्षे विचारायचे म्हणून बसले होते.

बाहेरून उत्तर आले, “ऑल्वेन ग्विलियम.”

ती आत आली. तिचे केस पूर्ण पांढरे झाले आहेत. चर्चमध्ये टोपीखाली ते दिसत नाहीत. बागेची वाट सगळी गवताची आहे. तिचे बूट घोट्यापर्यंत ओढ्याच्या रस्त्यावरच्या तांबड्या चिखलाने माखलेले होते.

ती माझ्याशी नाही, वकिलांशी बोलली. “साक्षीदार पाहिजे म्हणून ऐकलं. सही कुठं करायची?”

“मिसेस ग्विलियम, तुम्हाला नाही करता येणार,” ते म्हणाले. “म्हणजे करता येईल, पण मग घर, बाग, यातलं काहीच तुम्हाला मिळणार नाही. माझं पत्र मिळालं ना?”

“मिळालं. म्हणूनच आले.”

“जरा विचार करा, बाई.”

“वीस वर्षं केला. या घरातल्या वहीत दर वर्षी कुणीतरी सही करायचं, फाटक बंद होतं म्हणून. वाट मोकळी झाली त्याची सही कुणीच केली नाही. ती मी करते. आणि मला काही नको.”

मी म्हटले, “ऑल्वेन, पातेलं तरी.” फळीवर ते तिच्या डोक्यामागेच होते. तिने वळून पाहिले, बराच वेळ पाहिले. मग खुर्ची ओढून बसली आणि पाचवे कलम वाचू लागली. अक्षरावरून बोट फिरवत, ओठ हलवत वाचते, लहानपणी वाचायची तशी. मला तिच्या हाताला हात लावायचा होता. तळहात उताणा होता, व्रण कुठेच दिसत नव्हते. मी लावला नाही.

“हिला बागेतनंच न्या,” ती वकिलांना म्हणाली. “माझ्या दारावरनं. माझी हरकत नाही. बर्फात वळशानं नेताना माणसांचे हाल होतात.”

मी विचारले, “तू येशील मागून?”

वकिलांचे टोपणाशिवाय पडलेले पेन तिने उचलले आहे आणि मी लिहिणे संपवायची वाट पाहते आहे. चौथे कलम मी खोडत नाही. कायद्याने ते आता निकामी होईल, पण मी काय दिले होते ते कागदावर राहू दे.

वरील सर्व मी वाचले, मला समजले, आणि ते माझे आहे.

स्थळ : वरचे घर, ब्रॅम्फोल्ड
दिनांक : १२ नोव्हेंबर १९९८, गुरुवार

सही : हेस्टर प्रोबर्ट

आम्हा दोघांच्या समक्ष तिने सही केली, आणि तिच्या समक्ष आम्ही :

साक्षीदार पहिला : क्लेमेंट हॅडली
व्यवसाय : वकील

साक्षीदार दुसरा : ऑल्वेन ग्विलियम
पत्ता : ओढ्याकाठचे घर, ब्रॅम्फोल्ड
व्यवसाय : विधवा